शेवटचं सत्र, बसलेला आवाज आणि कुणालाच नको असलेली स्टेज मॅनेजरची जागा

त्या विद्यार्थिनीची शैक्षणिक मार्गदर्शक म्हणून मी हे प्रकरण लिहिते आहे. तिने मसुदा वाचून परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम, आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी आमच्या हातात काय माहिती होती ते, मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. नाट्यपदवीच्या शेवटच्या सहा महिन्यांत एखाद्या विद्यार्थ्याचं काय होऊ शकतं, आणि तेव्हा शिक्षकांच्या हातून काय सुटतं, हे दाखवणारं यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

पार्श्वभूमी

नाट्यशिक्षणाच्या दोन परंपरा आहेत आणि विद्यार्थी प्रवेश घेताना त्यांची बहुधा गल्लत करतात. एक परंपरा अभिनय-विद्यालयाची. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट १९०४ मध्ये सुरू झाली, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये. दिवसाचा बहुतेक वेळ तालीम आणि अंगमेहनत, आणि व्यवसायात पाऊल टाकणारा कलावंत घडवणं हे उद्दिष्ट. दुसरी परंपरा विद्यापीठाच्या नाट्यविभागाची. अमेरिकेत कार्नेगी टेकने १९१४ मध्ये नाट्यविषयात पदवी द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमधला पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग ब्रिस्टलला १९४७ मध्ये निघाला. इथे तालमीच्या जोडीला इतिहास, संहितेचं विश्लेषण, सिद्धान्त आणि लेखनही असतं. पदवी विद्यापीठाची असते, त्यामुळे तिच्या वाटा मंचाबाहेरही जातात. अडचण अशी, की प्रवेश घेणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त मंच असतो.

आमचा अभ्यासक्रम दुसऱ्या प्रकारचा होता: तीन वर्षं, सहा सत्रं. पहिल्या वर्षी वाचिक आणि आंगिक अभिनय, रंगभूमीचा इतिहास. दुसऱ्या वर्षी दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना यांची तोंडओळख. तिसऱ्या वर्षी विशेष विषय, आणि सहाव्या सत्रात मोठं पदवी-नाटक. त्या तुकडीत २४ विद्यार्थी होते. त्यातल्या १९ जणांनी अभिनय हा विशेष विषय घेतला होता आणि नाटकात बोलत्या भूमिका होत्या ११. हे गणित पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पाठ होतं. कुणी ते मोठ्याने मांडत नसे, इतकंच.

आमची विद्यार्थिनी वर्गातली सगळ्यांत तयारीची. संहिता हातात आल्यावर तिसऱ्या दिवशी पाठ असायची. दुसऱ्याची वाक्यंही पाठ असायची, त्यामुळे कुणी अडलं की प्रॉम्प्टरच्या आधी हिच्या ओठांवर शब्द यायचा. पदवी-नाटक म्हणून एक ग्रीक शोकांतिका ठरली आणि मध्यवर्ती भूमिका तिला मिळाली. तिच्या पात्राला तिसऱ्या टप्प्यात सलग सहा मिनिटांचा विलाप होता. भूमिकांची यादी फलकावर लागली तेव्हा प्रयोगाला नऊ आठवडे होते.

आम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पाचव्या सत्रापासून ती संध्याकाळी चार तास दूरध्वनीवरून ग्राहकांशी बोलण्याची नोकरी करत होती. दिवसभर आवाजाचे वर्ग आणि तालीम, त्यानंतर चार तास फोन. विभागातल्या कुणीही तिला कधी विचारलं नव्हतं की तू दिवसाला एकूण किती तास बोलतेस.

अडचण

तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात विलापाच्या मध्यावर तिचा आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा वरच्या पट्टीत नुसती हवा आली. दिग्दर्शक सरांना वाटलं, भावना अनावर झाली. आवाजाच्या शिक्षिका मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना तसं वाटलं नाही. तालीम संपल्यावर त्यांनी तिला हळू आवाजात चढती सरगम म्हणायला लावली. वरचे तीन स्वर निघतच नव्हते. तेव्हा कळलं की घोगरेपणा अकरा आठवड्यांपासून होता. सकाळी बरा, संध्याकाळी वाईट. ती गोळ्या चघळत होती, गरम पाणी पीत होती आणि आवाजाला आराम म्हणून दिवसभर कुजबुजत होती. जोर लावून कुजबुजल्याने स्वरयंत्रावर ताण वाढू शकतो, आराम मिळतोच असं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन आहे. आवाजावर ज्याचं पोट आहे त्याने तर तेवढीही वाट पाहू नये. ती आमच्याच आवारात शिकत होती आणि आम्ही रोज तिचा आवाज ऐकत होतो.

तपासणीत दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी दिसल्या. बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. ताण देऊन, जोराने, खूप वेळ बोललं की ज्या जागी सगळ्यांत जास्त आदळआपट होते तिथे घट्टे पडावेत तशा या गाठी येतात. डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रियेची गरज नाही, वाचा-उपचार पुरेत. सहा ते आठ आठवडे नियमित सत्रं, बोलण्याचे तास मोजून, ओरडणं आणि रडणं बंद. आवाज पूर्ववत होण्याची शक्यता चांगली आहे, पण तारीख देता येणार नाही.

प्रयोगाला सहा आठवडे उरले होते.

समोरचे पर्याय

पुढच्या तीन दिवसांत आम्ही चौघं वेगवेगळ्या जोड्यांत भेटत राहिलो: ती, दिग्दर्शक सर, आवाजाच्या शिक्षिका आणि मी. चार पर्याय निघाले.

पहिला, भूमिका ठेवायची आणि प्रयोग तिच्याभोवती बदलायचा. अंगावर मायक्रोफोन, विलापाचा अर्धा भाग कोरसकडे, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहाकडे, तालमीत ती पूर्ण आवाजात बोलणार नाही. सर या बाजूने होते. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. शेवटच्या प्रयोगाला बाहेरचे दिग्दर्शक आणि निवड करणारे लोक येतात, तीन वर्षांच्या मेहनतीचं ते एकच दार आहे, आणि कोरसने विलाप वाटून घेणं हे ग्रीक रंगभूमीच्या स्वभावाला धरूनच होतं.

दुसरा, मुख्य भूमिका सोडून कोरसमध्ये जायचं. तिने हा एका वाक्यात बाजूला सारला. कोरस प्रयोगभर गात होता, म्हणजे आवाजाच्या दृष्टीनेही तो मूर्खपणाच होता.

तिसरा, मंचावरून उतरून स्टेज मॅनेजर व्हायचं, म्हणजे प्रयोग चालू असताना दिवे आणि ध्वनी वेळेवर सोडवून घ्यायचे. ती जागा भरलेलीच नव्हती. आमच्याकडे ती नेहमी शेवटी, ज्याला भूमिका मिळाली नाही त्याच्या गळ्यात पडायची.

चौथा, सत्र पुढे ढकलायचं. मी या बाजूने होते. मला ती बरी व्हायला हवी होती. तिची संपूर्ण तुकडी तिला मागे टाकून पुढे जाईल आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात तिला हीच भूमिका सोडा, कुठलीही भूमिका मिळेल याची हमी नाही, याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. तिची आई फोनवर मला म्हणाली, "मॅडम, ती एक वर्ष घरी बसली तर आवाज येईल, पण ती परत येणार नाही." आईचं निदान माझ्यापेक्षा अचूक होतं.

पहिला निर्णय: तीन दिवसांची परीक्षा

ती पहिल्या पर्यायावर ठाम होती. आवाजाच्या शिक्षिकांनी तेव्हा एक सुचवलं, ज्याचं श्रेय मला त्यांना मनापासून द्यायचं आहे. त्या म्हणाल्या, आपण वाद घालू नये, तीन दिवस करून बघावं. तीन तालमी ती निम्म्या आवाजात करेल, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एका तालमीला येऊन बसतील.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी विलाप आला आणि ती दोन वाक्यांनंतर पूर्ण ताकदीत गेली. थांबवल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. तिच्या मते ती हळूच बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने आवाज खाली ठेवला, पण मान मागे खेचली जात होती, जबडा आवळला जात होता, श्वास वरच्यावर घेतला जात होता. उपचारतज्ज्ञांनी तिला ते चित्रीकरणात दाखवलं.

फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर या नटाची गोष्ट मी अनेक वर्षं वर्गात सांगत आले आहे. १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला हा माणूस मंचावर पाठांतरं सादर करायचा आणि मध्येच त्याचा आवाज जायचा. विश्रांतीने परत यायचा, सादरीकरणाला उभं राहिलं की पुन्हा जायचा. त्यावरून त्याने ताडलं की बोलताना आपणच काहीतरी करतो आहोत. आरसे लावून तो स्वतःला पाहत बसला, तेव्हा दिसलं की तोंड उघडताच आपण डोकं मागे आणि खाली ओढतो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती आणि माझ्याच वर्गातली मुलगी तेच करत होती.

चित्रीकरण दोनदा पाहून तिने संहिता मिटली. म्हणाली, "मला हे हळू करता येत नाही. आलं तर पूर्ण येतं." पहिला पर्याय आमच्यापैकी कुणी नाकारला नाही. तो या पुराव्याने गेला. संपूर्ण प्रकरणातला सगळ्यांत चांगला हाताळलेला निर्णय मला हाच वाटतो. समजुतीने किंवा अधिकाराने तिला थांबवलं असतं, तर तिने ते आयुष्यभर आमच्यावर धरलं असतं.

त्या संध्याकाळी ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती स्टेज मॅनेजरचं काम काय असतं हे विचारायला. फोनची नोकरी तिने त्याच आठवड्यात सोडली. त्याचा घरावर भार पडला आणि तो तिच्या आईने उचलला.

दुसरा निर्णय: गुण कशाला द्यायचे

आता अडचण आमची होती. अभिनय विशेष विषयाच्या मूल्यमापनात मंचावरच्या भूमिकेला गुण होते. स्टेज मॅनेजरच्या कामाला रकानाच नव्हता. मूल्यमापन समितीपुढे मी अर्ज ठेवला: प्रॉम्प्ट बुक (स्टेज मॅनेजरची नोंदींसह संहिता), प्रयोगांचे अहवाल आणि तोंडी परीक्षा यांना भूमिकेच्या जागी धरावं.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवीपत्रावर अभिनय लिहिलं जाणार असेल तर तिचा अभिनय कुणीतरी पाहिलेला असला पाहिजे. मला तेव्हा राग आला होता. आज मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. दयेपोटी दिलेला समकक्षपणा तिच्याच पदवीला कमी करणारा ठरला असता. त्यांच्या हरकतीतूनच तोडगा निघाला. प्रॉम्प्ट बुक आणि तोंडी परीक्षेच्या जोडीला तिने शब्दाविना बारा मिनिटांचं एकपात्री सादरीकरण करायचं.

त्यासाठी आम्ही तटस्थ मुखवटा निवडला. जाक लकोक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये शाळा काढली, तिच्या प्रशिक्षणाचा हा पाया. शिल्पकार आमलेतो सार्तोरी यांच्यासोबत त्यांनी घडवलेल्या या चामडी मुखवट्यावर कुठलाच भाव नसतो. चेहरा गेला, शब्द गेले, की उरतं ते शरीराचं वजन, थांबणं, वळणं. आवाजावर जगणाऱ्या आमच्या या मुलीला पहिले दहा दिवस ते अजिबात जमलं नाही. ती मुखवट्यामागून ओठ हलवायची.

समितीने अर्ज मंजूर करायला दोन आठवडे घेतले. ते दोन आठवडे ती काम करत होती, पण त्या कामाला गुण आहेत की नाही हे तिला माहीत नव्हतं. हे आमच्याकडून व्हायला नको होतं.

प्रत्यक्ष काम

तिची भूमिका कोरसमधल्या एका मुलीला मिळाली. सहा आठवड्यांत इतकी मोठी भूमिका उभी करणं कठीण होतं, कारण आम्ही सुरुवातीपासून बदली कलाकार नेमलेला नव्हता. पहिला आठवडाभर दोघी एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. नंतर तिने स्वतःची संहिता, बारीक अक्षरातल्या सगळ्या टिपणांसह, दुसरीच्या हातात दिली.

प्रॉम्प्ट बुक म्हणजे नाटकाची एकमेव अधिकृत प्रत. एका बाजूला संहिता, समोरच्या पानावर प्रत्येक हालचाल, प्रत्येक दिवा, प्रत्येक आवाज, आणि तो नेमका कुठल्या अक्षरावर सुटायचा त्याची खूण. प्रयोगात स्टेज मॅनेजर हेडसेटवरून आधी 'तयार' म्हणतो आणि क्षण आला की 'सोड'. तोपर्यंत प्रकाशयोजनाकाराने बटणाला हात लावायचा नाही. आमच्या नाटकात असे ९४ क्यू, म्हणजे 'सोड' म्हणायचे क्षण, होते. हेडसेटवर खालच्या आवाजात, तोंडाजवळच्या मायक्रोफोनमध्ये बोलायचं असल्याने उपचारतज्ज्ञांनी या कामाला हरकत घेतली नाही. त्यांनी एकच अट घातली: तांत्रिक तालमीत सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकाला हाक मारायची नाही. तिने शिट्टी गळ्यात अडकवली. रोज घरी पाण्याच्या ग्लासात नळीने फुंकर घालत हलका स्वर काढायचा व्यायाम चालू होता, तो ती विंगेत उभी राहूनही करायची.

तांत्रिक तालमीत एक गोष्ट घडली, ज्यामुळे माझा या कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. विलापाच्या आधी मंच अंधारत जातो. प्रकाशयोजनाकाराने तो बदल एका शब्दावर लावला होता आणि तो प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिरा वाटत होता. शब्द बदलून पाहिले, वेळ कमीजास्त करून पाहिली. ती म्हणाली, शब्दाची वाट बघू नका, नटी शब्दाआधी श्वास घेते तिथे सोडा. श्वास तिला माहीत होता, कारण ती जागा तिने स्वतः तीन आठवडे केली होती. पुढच्या वेळी तिने नटीच्या पाठीकडे बघत, बरगड्या फुगताना, 'सोड' म्हटलं. सभागृहात बसलेलो आम्ही सगळे गप्प झालो. हे कौशल्य अभिनयाच्या वर्गातच शिकलेलं होतं. आम्ही तिला ते कधी या नावाने दाखवलं नव्हतं.

चार प्रयोग झाले. दुसऱ्या प्रयोगात नटीने दुसऱ्या टप्प्यातली आठ वाक्यं गाळली. त्या आठ वाक्यांत तीन क्यू होते. आमच्या विद्यार्थिनीने ध्वनीचा क्यू रोखला, दोन दिवे एकत्र सोडले आणि अकरा सेकंदांत नाटक रुळावर आलं. प्रेक्षकांना कळलंही नसेल. प्रयोगानंतरच्या अहवालात तिने घटना लिहिली, वेळ लिहिली, नटीचं नाव लिहिलं नाही. तोंडी परीक्षेत समितीने त्याच अहवालावर सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

मुखवट्याचं सादरीकरण त्यानंतर दहा दिवसांनी झालं. हरकत घेणारे सहकारी परीक्षक होते. त्यांनी दिलेले गुण तिच्या तीन वर्षांतले सर्वाधिक होते.

तिसरा निर्णय: पदवीनंतर

बाहेरच्या दिग्दर्शकांनी तिला मंचावर पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते दार तात्पुरतं बंद होतं. तिच्यासमोर चार वाटा होत्या.

फिरत्या नाटक कंपनीत साहाय्यक स्टेज मॅनेजर. शाळांमधून फोरम थिएटर करणारा एक गट. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी (१९३१–२००९) रुजवलेल्या या पद्धतीत अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण खेळतात, मग पुन्हा सुरू करतात, आणि प्रेक्षक कुठेही थांबवून स्वतः मंचावर येऊन वेगळं काही करून पाहतो. तिसरी वाट नाट्य-उपचाराची. तिचं तिला आकर्षण होतं, पण तो स्वतंत्र उपचारव्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये तर ते व्यावसायिक नाव कायद्याने संरक्षित असून मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षणाशिवाय वापरता येत नाही. अभिनयाच्या पदवीवर कुणी 'मी नाट्य-उपचार करते' असं म्हणू नये, हे मी प्रत्येक तुकडीला बजावते.

चौथी वाट तिच्या वाचा-उपचारतज्ज्ञांनी दाखवली. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात त्यांनी खोट्या रुग्णांवर, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांवर, सराव केला होता. आमच्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेला अशी माणसं हवी होती.

या कामाला मोठा इतिहास आहे. मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रशिक्षित व्यक्तीकडून रुग्णाची भूमिका करवून घेऊन वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी वेगवेगळ्या टेबलांवर ठरावीक मिनिटांची, ठरावीक निकषांची परीक्षा मांडली, आणि ती पुढे अनेक देशांत पसरली. अशा परीक्षेत एकच दुखणं दिवसातून पंधरा-वीस वेळा तितक्याच तीव्रतेने सांगावं लागतं. शेवटच्या विद्यार्थ्याला पहिल्यापेक्षा सोपा किंवा अवघड रुग्ण मिळाला, तर परीक्षा अन्यायाची होते.

पहिल्या दिवशी ती चुकली. छातीत दुखणाऱ्या बाईची भूमिका होती. विद्यार्थी गांगरलेला पाहून तिने, विचारलं नसताना, दुखणं हातात उतरतं हे सांगून टाकलं. समोरच्या नटाला सावरून घ्यायचं हे तीन वर्षांत अंगी मुरलेलं होतं, आणि इथे तोच दोष ठरला. प्रशिक्षकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. तटस्थ मुखवट्याने शिकवलेला संयम इथे कामाला आला, असं ती म्हणते. माझं ते मत नाही, तिचं आहे, पण मला ते पटतं.

तिने कंपनीतलं काम पत्करलं, आणि दौरे नसतील त्या दिवसांत हे. फोरम थिएटरच्या गटाला तिने नकार दिला, कारण त्यात उघड्यावर मोठ्याने बोलावं लागणार होतं.

निष्पत्ती

पाचव्या महिन्यात तपासणीत गाठी विरलेल्या दिसल्या. कंपनीत तिने दहा महिने काढले. पहिलं सव्वा वर्ष पैशांची ओढाताण होती. कुठल्या महिन्यात किती मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि या क्षेत्रात बहुतेकांचं तसंच असतं हे तिला आम्ही पदवीच्या काळात स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता चार वर्षं झाली आहेत. ती अर्धा वेळ वैद्यकीय शाखेत रुग्णांच्या भूमिका करणाऱ्यांना प्रशिक्षण देते. वाईट बातमी ऐकण्याचे प्रसंग दिवसात किती घ्यायचे याची मर्यादा तिने आग्रहाने ठरवून घेतली, आणि प्रत्येक प्रसंगानंतर भूमिकेतून बाहेर येण्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवली. उरलेल्या वेळात ती वर्षाला दोन नाटकांचं स्टेज मॅनेजमेंट करते. मंचावर परत आली, लहान प्रयोगांतून. मोठ्या कंपन्यांच्या दोन निवड-चाचण्या दिल्या, दोन्हीकडे निवड झाली नाही. तिला त्याचं दुःख आहे आणि ती ते लपवत नाही.

या वाटेकडे वळणाऱ्या इतर विद्यार्थ्यांना मी एक धोकाही सांगते. अमेरिकेत वैद्यकीय परवान्यासाठी अशा रुग्णांवर आधारलेली एक देशव्यापी परीक्षा २००४ मध्ये सुरू झाली. महासाथीत २०२० मध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद झाली. त्या परीक्षेच्या केंद्रांवर अवलंबून असलेल्या नटांचं काम एका घोषणेने गेलं. एकाच कामावर विसंबू नये, हे इथेही लागू आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच सत्रात प्रत्येकाच्या आवाजाची नोंद आणि दिवसाच्या बोलण्याचा हिशोब. हे आम्ही सुरू केलं आहे. नोकरी करतोस का, कसली करतोस, हा प्रश्नही त्यात आहे.

तिने अकरा आठवडे लपवलं, कारण आजार सांगितला तर भूमिका जाईल अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. आता मूल्यमापनाच्या नियमांतच पर्यायी मार्ग लिहून ठेवला आहे आणि तो भूमिका जाहीर होण्याआधी वाचून दाखवला जातो. प्रत्येक मोठ्या भूमिकेला बदली कलाकार पहिल्या तालमीपासून असतो आणि त्याला किमान एक प्रयोग मिळतो.

स्टेज मॅनेजमेंट पहिल्या वर्षी सगळ्यांना आळीपाळीने करावं लागतं. याबाबतीत दोष माझा जास्त आहे. तिसरा पर्याय मी तिच्यासमोर मांडला तेव्हा माझा सूर सांत्वनाचा होता. मी स्वतः तो उरलेला पर्याय समजत होते, आणि विद्यार्थ्यांना शिक्षकांचा सूर शब्दांच्या आधी कळतो. संस्कृत नाटकात सूत्रधाराला मान आहे, हे मी त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाला शिकवत होते.

पदवीनंतरच्या वाटांबद्दलचं बोलणं आम्ही सहाव्या सत्रातून तिसऱ्या सत्रात आणलं. तिथे मंचाबाहेर काम करणारी माणसं येतात आणि त्यांच्या कामाचा एक पूर्ण दिवस कसा जातो ते सांगतात. गेल्या वर्षी तिलाच बोलावलं होतं. ती चांगलं बोलली, आवाज स्वच्छ होता. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, त्या वेळी तुमच्या मनासारखं काय झालं नाही?

ती क्षणभर थांबली. म्हणाली, "सगळे माझ्याशी फार चांगलं वागले. पण माझी भूमिका कोण करणार हे ठरवायला सगळे बसले, आणि प्रयोग दोन महिने थांबेल का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही."

मी मागच्या रांगेत होते. घरी जाऊन त्या वर्षाचं सभागृहाचं वेळापत्रक काढून पाहिलं. पुढच्या सत्राच्या सातव्या आठवड्यात तीन दिवस सभागृह रिकामं होतं.